उरलेल्या चिटाचं जाकीट

चिठ्ठी उघडली आणि सेउ अदेल्मोंनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. चिठ्ठीवर त्यांचंच नाव होतं. बिल्डिंगच्या चेअरमनबाई दोना गिल्देते यांच्या टपोऱ्या अक्षरात, खाली ठसठशीत रेघ मारून.

आता गुप्त मित्राच्या खेळात हे काही आभाळ कोसळण्यासारखं नसतं. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी भेट करायची, नाताळाच्या आधीच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून त्याचं वर्णन करायचं, लोकांनी ओळखायचं, मग मिठी मारून भेट द्यायची आणि तोवर कुणाजवळ ब्र काढायचा नाही, हे गृहस्थाला ‘सेउ’ आणि बाईला ‘दोना’ म्हणणाऱ्या अराकाजू शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि आपलंच नाव निघालं तर हात वर करून ‘माझीच आली!’ म्हणायचं. लोक खिदळतात, चिठ्ठ्या परत पातेल्यात पडतात, पुन्हा ढवळतात. पण सेउ अदेल्मोंना हात वर करण्याची सोय नव्हती. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या सेउ क्लेओमारनी आपली चिठ्ठी परस्पर बदलून घेतल्याचं उघडकीला आलं, तेव्हा ‘एकदा हातात आलेली चिठ्ठी कोणत्याही सबबीवर परत घेतली जाणार नाही’ असा ठराव एका गृहस्थांनी भर सभेत मांडला होता. त्यावर लोकांचा कॉफीत बुडवलेला पाव विरघळेपर्यंत भाषण केलं होतं. ते गृहस्थ म्हणजे स्वतः सेउ अदेल्मो.

त्यांचं सगळं आयुष्य नोंदणी कचेरीत लोकांच्या सह्या ताडून शिक्का मारण्यात गेलेलं. समोर उभा असलेला इसम हा तोच इसम आहे, असं त्यांनी लिहून दिल्याशिवाय अर्ध्या शहराला घर विकता आलेलं नव्हतं. अशा माणसानं स्वतःचाच ठराव मोडायचा? त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, चेहऱ्यावर ‘वा, चांगलं नाव निघालं’ असा भाव आणला आणि ते लिफ्टकडे चालू लागले.

यंदाच्या खेळात आणखी एक पाचर होती. दोना गिल्देते यांनी फर्मान काढलं होतं की विकतची भेट चालणार नाही. हातानं केलेलीच हवी, आणि तीही उरलेल्या कापडाची. याला कारण होतं. मागच्या नाताळात बाईंना जो साबणांचा डबा मिळाला, तो त्यांनीच कधीकाळी कुणालातरी दिलेला होता. आत त्यांच्याच हातची शुभेच्छा तशीच्या तशी. डबा सगळी बिल्डिंग फिरून, कुणाच्याही अंगाला न लागता, माहेरी परत आला होता.

तेव्हाही गप्प बसतील तर ते सेउ अदेल्मो कसले! ते उठून म्हणाले होते, ‘‘उरलेलं म्हणजे कशातून उरलेलं? व्याख्या हवी.’’ मग व्याख्या झाली. कापड ज्यातून उरलं ती मूळ वस्तू दाखवता आली पाहिजे, असं ठरलं. लोकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती आदराची आहे असा त्यांचा समज झाला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. इवोनेतेबाईंनीही विचारलं नाही. मात्र कुणाचा तरी सल्ला घेणं भाग होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते खाली बाकावर उकडलेल्या शेंगा खात बसलेल्या सेउ क्लेओमारजवळ जाऊन बसले.

‘‘क्लेओमार, माझा एक मित्र आहे,’’ त्यांनी सुरुवात केली. ‘‘दुसऱ्या बिल्डिंगीत राहतो. नदीपलीकडे.’’

‘‘असू दे की. शेंगा घे.’’

‘‘त्याला खेळात स्वतःचीच चिठ्ठी आली.’’

सेउ क्लेओमारच्या हातातली शेंग तोंडाशीच थांबली. त्यांनी मित्राच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग शेंग हळूच तोंडात टाकली. ‘‘अरेरे. मग परत का नाही दिली?’’

‘‘त्यांच्याकडे ठराव आहे तसा.’’

‘‘कुठल्या गाढवानं केला असा ठराव?’’

सेउ अदेल्मोंनी हा घाव गिळला. ‘‘ते जाऊ दे. प्रश्न असा की त्यानं आता स्वतःला द्यायचं काय?’’

‘‘माणूस कसा आहे तुझा मित्र?’’

‘‘अत्यंत सज्जन.’’

‘‘मग एखादा रुमाल पुरे.’’

‘‘रुमाल?’’ सेउ अदेल्मो ताडकन उठले. ‘‘जन्मभर सचोटीनं वागलेल्या माणसाला रुमाल?’’

‘‘बरं बाबा, जाकीट दे. फुशिकोचं जाकीट. पण हे तुझ्या मित्राला झेपेल का?’’

‘‘त्याला सगळं झेपतं,’’ सेउ अदेल्मो म्हणाले. ‘‘आणि हे आपल्या दोघांतच राहू दे.’’

‘‘कबरीत घेऊन जाईन,’’ सेउ क्लेओमारनी छातीवर हात ठेवला आणि लगबगीनं शेंगांची पिशवी आवरून ते लिफ्टकडे निघाले. त्यांना इतक्या चपळाईनं चालताना कुणी पाहिलं नव्हतं.

फुशिको म्हणजे कापडाची चुणीदार चकती. डब्याचं झाकण ठेवून चिंधी गोल कापायची, काठ दुमडत धावदोरा घालायचा आणि दोरा ओढायचा, की चुण्या पडून कापडाचं फूल तयार होतं. अशी फुलं जोडत गेलं की चादर, पिशवी, जाकीट, जे हवं ते करता येतं. आणि फुशिको म्हणजेच चहाडी, कुचाळकी, गावगप्पा. शब्द एकच. बायका घोळक्यानं बसून फुलं करताना जे बोलायच्या त्यावरून फुलाला नाव पडलं की फुलांवरून त्या बोलण्याला, हा वाद जुना आहे. पण तोंड बंद ठेवून केलेला फुशिको बसका होतो, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

सेउ अदेल्मोंना या गोष्टीचं महत्त्व उशिरा कळलं. त्यांना आधी वेगळीच विवंचना लागली. स्वतःला द्यायची भेट किती चांगली असावी? फार देखणी झाली तर लोक म्हणणार, पाहा, स्वतःवर किती जीव! जेमतेम झाली तर आपणच आपला अपमान केल्यासारखं. ते आरशासमोर उभे राहिले. समोरच्या माणसासाठी आपण कितपत कष्ट घ्यावेत याचा त्यांनी निःपक्षपातीपणे विचार केला. माणूस त्यांना बरा वाटला. जाकिटाला अस्तर लावायचं ठरलं.

आता कापड. त्यांच्या घरात कुणी शिवत नसे, त्यामुळे घरात चिंधी नावाला नव्हती. ते बाजारात गेले. चिटाच्या, म्हणजे छापील फुलांच्या सुती कापडाच्या, दुकानात छतापर्यंत तागे रचलेले होते. तांबडी, पिवळी, हिरवी, ताटाएवढाली फुलं.

‘‘उरलेले तुकडे आहेत का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाहीत,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘माझ्याकडे काही उरत नाही. सगळं खपतं.’’

‘‘मग या ताग्यातलं कापून द्या. बारीक तुकडे करून.’’

‘‘साहेब, मी कापड विकतो, चिंध्या नाही. अख्खं घ्या, घरी नेऊन हवं तर दातांनी फाडा.’’

पाठीमागे रांगेतल्या दोन बायका हसल्या. सेउ अदेल्मोंनी मान ताठ ठेवून, समोर दिसलं ते तांबड्या फुलांचं चीट घेतलं आणि घरी मोरीचं दार लावून त्याचे तुकडे केले. नवं कापड उरलेलं करण्याचा हा उद्योग करताना त्यांना कचेरीत पकडले गेलेले खोटे दस्तऐवज करणारे लोक आठवत होते. त्या लोकांना इतका घाम कधी फुटला नसेल.

पिशवी घेऊन ते बाहेर पडतात तोच लिफ्टमध्ये दोना गिल्देते. बाई ठेंगण्या, गोल, गळ्यात चष्म्याची साखळी.

‘‘अगं बाई! कापड मिळालं वाटतं?’’ त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. ‘‘सगळं एकाच चिटाचं दिसतंय. कशातून उरलं?’’

‘‘पडद्यातून,’’ सेउ अदेल्मो म्हणाले. हे उत्तर कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही.

‘‘वा! मग येते एकदा पडदा पाहायला. नियम तुमचाच आहे म्हणा. नाहीतर माझा तुमच्यावर काय अविश्वास?’’

झालं! चिंध्या खऱ्या ठरवण्यासाठी आता पडदा खरा करणं आलं. ते उलट्या पावली बाजारात गेले. तांबड्या फुलांचा तागा संपत आलेला. होतं तेवढं सगळं घेऊन ते शिंप्याकडे धावले. नाताळाच्या तोंडावर शिंपी मान वर करायला तयार नव्हता. सेउ अदेल्मोंनी त्याला कचेरीतली जुनी ओळख काढून गळ घातली तेव्हा कुठे पडदा शिवून मिळाला. लावून पाहतात तर खिडकीला गुडघाभर तोकडा. खालून समुद्राचा वारा आत यायचा आणि तांबडी फुलं थेट जेवणाच्या टेबलावर यायची.

पण खरा घोटाळा निराळाच झाला. इवोनेतेबाई संध्याकाळी घरी आल्या आणि दारातच थबकल्या. लग्न झाल्यापासून त्या या खिडकीला पडदा मागत होत्या. नवऱ्यानं दर वेळी उजेडाचे फायदे सांगितले होते. त्यांचे डोळे भरून आले.

‘‘अहो, तुमच्या लक्षात होतं?’’

‘‘म्हणजे काय!’’ सेउ अदेल्मो म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि थोडा अभिमानही.

‘‘आता सोफ्याला खोळी पण याच्याच करू या हं,’’ बाई डोळे पुसत म्हणाल्या.

दोना गिल्देते आल्या, त्यांनी पडदा चिमटीत धरून पाहिला. ‘‘तोकडा आहे.’’

‘‘म्हणून तर कापड उरलं,’’ सेउ अदेल्मो म्हणाले. इतकं बिनतोड उत्तर त्यांना नोकरीतही कधी सुचलं नव्हतं.

चिंध्यांना मान्यता मिळाली. पण एकाच चिटाचं जाकीट केलं तर ते अंगात घातलेला माणूस खिडकीसारखा दिसला असता. रंग मिसळायला हवे होते. त्यासाठी गाठायला हव्या होत्या तळमजल्याला, अंगणाला लागून असलेल्या गच्चीवर रोज दुपारी बसणाऱ्या बायका. त्यांच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या दोना झेफिन्या. तोंडात दात मोजकेच, पण त्यांच्या तावडीतून बिल्डिंगमधली एकही गोष्ट निसटत नसे.

सेउ अदेल्मो घसा खाकरत तिथे पोचले तेव्हा बायकांचं हसणं एकदम तुटलं. सगळ्यांनी माना खाली घालून टाके घालायला सुरुवात केली. हा पुरुषाच्या उपस्थितीचा संकोच असणार, असं मनाशी म्हणत ते खुर्चीवर बसले.

‘‘माझ्याकडचे तांबडे तुकडे घ्या, मला थोडे दुसरे द्या,’’ त्यांनी प्रस्ताव मांडला.

‘‘तुकड्याला तुकडा असं नाही होत इथे,’’ दोना झेफिन्या म्हणाल्या. ‘‘इथे चिंधीला बातमी पडते. सांगा काहीतरी, मग न्या.’’

‘‘बातमी? कसली?’’

‘‘कुणाचीही चालेल. पण ताजी हवी.’’

सेउ अदेल्मोंनी डोक्याला ताण दिला. इतकी वर्षं या बिल्डिंगीत राहून त्यांना कुणाबद्दल काहीसुद्धा माहीत नव्हतं. पाणी कधी येतं, जिन्यातला दिवा कुठल्या नियमानुसार बंद होतो, हे सगळं तोंडपाठ. माणसांचा पत्ता नाही. दोना झेफिन्यांच्या मांडीवर एक निळीशार चिंधी होती. ती पाहून त्यांचा तोल गेला.

‘‘क्लेओमार चोरून नाच शिकतोय,’’ ते म्हणाले.

‘‘आं!’’ सगळ्या सुया थांबल्या. ‘‘कुठं? कुणाबरोबर?’’

‘‘ते अजून बाहेर आलेलं नाही.’’

निळी चिंधी मिळाली. दुसऱ्या दिवशी पिवळीसाठी त्यांनी त्या नाचाला जोडीदारीण दिली. हिरव्यासाठी त्या जोडीदारणीला पूर्वीचा नवरा दिला. तो ट्रकवर असतो आणि फार संतापी आहे, असं सांगितल्यावर तर मखमलीचा तुकडा पदरात पडला. आठवडाभरात सेउ क्लेओमार त्यांना जिन्यात भेटले. बूट चकचकीत, केस चापून बसवलेले.

‘‘काय रे, कुठे?’’

‘‘नाचाच्या वर्गाला. जो तो विचारायला लागला, काय सेउ क्लेओमार, नाच कसा चाललाय? म्हटलं, एवढे लोक म्हणतायत तर नाव तरी घालावं. मजा येते रे! फक्त एक कळत नाही, तो ट्रकवाला कोण?’’

सेउ अदेल्मो घाईनं वर निघून गेले.

इकडे त्यांचा हात बसला होता. बोटं भोसकून घेत, अंगुस्तान घालून, ते सुबक फुलं करू लागले. आणि काय सांगावं, त्यांना गोडी लागली! दुपारची जेवणं उरकली की त्यांची पावलं आपसूक गच्चीकडे वळत. कुणाच्या भाच्यानं कुणाला काय लिहिलं, वरच्या मजल्यावर कोण उपाशी राहून बारीक होतंय आणि रात्री काय खातंय, सगळं ते कान टवकारून ऐकत. बायका जाकिटाचं मापसुद्धा त्यांच्याच अंगावर घेत.

‘‘तुमचा गुप्त मित्र अंगानं असेल का हो साधारण तुमच्यासारखा?’’ दोना गिल्देते टाचण्या तोंडात धरून विचारत.

‘‘साधारण,’’ ते सावधपणे म्हणत. ‘‘थोडा जास्त रुबाबदार.’’

यावर बायकांना का कुणास ठाऊक, ठसका लागत असे.

पण याच गच्चीवर एक दिवस त्यांच्या मनात एक शंका शिरली, आणि ती कुसळासारखी रुतून बसली. इथे बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं चर्वण होत होतं. क्लेओमारचं झालं. इवोनेतेचंही एकदा झालं, तिच्या देखत. अगदी बिल्डिंगमधल्या कुत्र्याचंही झालं. पण सेउ अदेल्मोंबद्दल कुणी कधी एक शब्द काढला नव्हता. आधी त्यांना वाटलं, हा सभ्यपणा आहे, तोंडावर कसं बोलणार? मग त्यांनी मुद्दाम उशिरा जायला सुरुवात केली, खांबाआड उभं राहून ऐकलं. पण खांब त्यांच्या पोटाला पुरत नसे. ते दिसले की बायका घाईघाईनं कुत्र्यावर येत.

रात्री त्यांनी बायकोला गाठलं. ‘‘अगं, मी नसताना त्या माझ्याबद्दल काय म्हणतात?’’

‘‘तुमच्याबद्दल?’’ इवोनेतेबाई उशीची खोळ चढवत होत्या. ‘‘काही नाही.’’

‘‘वाईटसुद्धा नाही?’’

‘‘नाही बाई.’’

सेउ अदेल्मो छताकडे बघत पडून राहिले. मन खट्टू झालं होतं. वाईट बोलणं एक वेळ पत्करलं. पण इतकी वर्षं एका ठिकाणी राहून, सभेत इतके ठराव मांडून, आपलं नाव कुणाच्या तोंडी येऊसुद्धा नये? कुत्र्याची बातमी होते आणि आपली नाही? इतरांची ओळख पटवून देण्यात जन्म गेला आणि आपली कुणी दखल घेऊ नये, या विचारानं त्यांना खरंच वाईट वाटलं.

मग त्यांनी बातमी व्हायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते लाल टोपी घालून लिफ्टमध्ये शीळ वाजवत उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. उसाच्या दारूची बाटली छातीशी धरून ते भर दुपारी अंगणातून दोनदा गेले. आत व्हिनेगर होतं, पण लोकांना काय माहीत? दोना झेफिन्यांनी फक्त ‘ऊन फार आहे’ म्हटलं. शेवटी त्यांनी फोन कानाला लावून जिन्यात मोठ्यानं ‘नाही गं, आज नको, बायको घरी आहे!’ असंसुद्धा म्हणून पाहिलं. नेमक्या इवोनेतेबाईच मागून भाजी घेऊन येत होत्या.

‘‘कुणाशी बोलताय?’’

‘‘कुणाशी नाही.’’

‘‘मग हे कांदे धरा.’’

असा तो रविवार उजाडला. खालच्या हॉलमध्ये घामाच्या धारा लागलेल्या, आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या झाडावर कापसाचा बर्फ. टेबलावर टर्की, भात, दुधात भिजवून तळलेल्या पावाच्या साखर-दालचिनी लावलेल्या चकत्या. खेळ रंगला. दोना गिल्देतेंनी सेउ क्लेओमारचं वर्णन ‘पायाला भिंगरी’ असं करताच हॉल दणाणला. सेउ क्लेओमारनी दोना झेफिन्यांना चिंध्यांची कोंबडी दिली. दोना झेफिन्यांनी इवोनेतेबाईंना भांडी धरायचा हातमोजा दिला. एकाकडून दुसऱ्याकडे असं करत साखळी पुढे सरकत राहिली आणि शेवटी फिरून दोना गिल्देतेंपाशी येऊन मिटली.

‘‘मिळालं ना सगळ्यांना?’’ बाईंनी विचारलं.

‘‘मिळालं!’’ सगळा हॉल ओरडला.

‘‘मग चला जेवायला!’’

सेउ अदेल्मो गुडघ्यावर पुडकं घेऊन बसले होते. आपल्याला काही मिळालेलं नाही हे एकाच्याही ध्यानात आलेलं नाही, हे त्यांनी एकेक चेहरा निरखून पाहून घेतलं. तरी ते उठले.

‘‘माझं राहिलंय,’’ ते म्हणाले.

‘‘असं कसं? सगळ्यांना तर मिळालं!’’ दोना गिल्देते म्हणाल्या. ‘‘बरं, सांगा. कोण तुमचा गुप्त मित्र?’’

‘‘माझा गुप्त मित्र हा एक सुशिक्षित, सरळमार्गी गृहस्थ आहे.’’

‘‘आपले फादर!’’ कुणीतरी ओरडलं.

‘‘फादर इथे राहत नाहीत. तो याच हॉलमध्ये आहे. मितभाषी आहे.’’

मागून फिस्स असा आवाज आला. ‘‘मितभाषी? मग बिल्डिंगमधला नाही!’’

‘‘नियमांचा आदर करणारा, सगळ्यांच्या भल्यासाठी झटणारा—’’

‘‘पाण्याचा पंप!’’

‘‘माणूस आहे तो!’’ सेउ अदेल्मोंचा आवाज चिरकला. ‘‘दिसायला भारदस्त. त्याच्याशिवाय एकही सभा पार पडलेली नाही.’’

‘‘भारदस्त म्हणजे... हॉलचं टेबल?’’ सेउ क्लेओमारनी निष्पाप चेहऱ्यानं विचारलं.

‘‘अरे, तो मी आहे! मी!’’ सेउ अदेल्मो ओरडले. पुडकं त्यांनी छातीवर आपटलं. ‘‘माझीच चिठ्ठी मला आली! कुणालाच कसं ओळखता येत नाही मला?’’

मग कोपऱ्यातून दोना झेफिन्यांचा हताश सुस्कारा ऐकू आला. ‘‘काय हे, सेउ अदेल्मो! टर्की गार होईपर्यंत तरी दम धरायचा. मी पैज हरले ना!’’

आणि सगळा हॉल असा फुटला की झाडावरचा कापूस खाली आला. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. दोना गिल्देतेंची चष्म्याची साखळी सुटली. इवोनेतेबाई नव्या हातमोज्यात तोंड खुपसून बसल्या होत्या.

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’ सेउ अदेल्मोंनी विचारलं.

‘‘लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत,’’ सेउ क्लेओमार डोळे पुसत म्हणाले. ‘‘नदीपलीकडे कुणी मित्र आहे का तुला, लेका?’’

‘‘मग गच्चीवर कधी कुणी माझं नाव कसं काढलं नाही?’’

‘‘तुमचं नाव?’’ दोना झेफिन्या म्हणाल्या. ‘‘अहो, महिनाभर दुसरं काही बोललो असू तर शपथ! आज अदेल्मोनं काय केलं, काय म्हणाला, कशी टोपी घातली! फोनवर कुणाशी बोलत होता त्यावर तर अख्खी चादर झाली आमची. आणि नेमके तुम्ही यायचात, आणि सगळा विचका. मग काय, क्लेओमारवर यायचं, कुत्र्यावर यायचं. तुम्ही उठून कधी जाता याची वाट बघत बसायचो आम्ही.’’

सेउ अदेल्मोंनी बायकोकडे पाहिलं. ‘‘तू तर म्हणालीस, काही नाही!’’

‘‘सगळं सांगितलं असतं तर पुढचं ऐकायला मिळालं असतं का मला?’’ इवोनेतेबाई म्हणाल्या.

‘‘मिठी! मिठी!’’ लोक ओरडू लागले. नियम म्हणजे नियम. सेउ अदेल्मोंनी पुडकं सोडलं, जाकीट अंगात चढवलं, दोन्ही हात स्वतःभोवती घातले आणि स्वतःला घट्ट मिठी मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं होतं की या क्षणी आपण शरमेनं मरू. पण त्यांना झालं होतं भलतंच काही. छाती भरून आली होती आणि कान तापले होते. महिनाभर! रोज!

लोक टर्कीकडे वळले. सेउ अदेल्मोंनी मात्र खुर्ची ओढली आणि ते दोना झेफिन्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले.

‘‘अहो, चला ना, गार होतंय,’’ इवोनेतेबाईंनी हाक मारली.

‘‘होऊ दे,’’ ते म्हणाले आणि दोना झेफिन्यांकडे झुकले. ‘‘हं. सांगा आता पहिल्यापासून. कोण काय म्हणालं? आणि वाईट असेल ते आधी सांगा.’’